पट्टी भरलेली असताना

रंगमावशीला त्या सिनेमाची गोष्ट पहिल्यांदा सांगितली गेली तेव्हा ती एका नटाच्या कपाळाला भोक पाडत होती. गोळीचं भोक. मेण, लाल रंग आणि चिमूटभर काजळी, एवढ्यात तिचं काम भागायचं. दिग्दर्शिका बाई मागे उभी राहून हातवारे करत सांगत होती आणि मावशी दातांत ब्रश धरून "हं, हं" करत होती. या नव्या सिनेमातल्या जगात म्हणे पैसा नाही. माणसाचं उरलेलं आयुष्य हाच पैसा. प्रत्येकाच्या डाव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत एक हिरवी पट्टी. पाव घ्यायचा तर हात यंत्राला लावायचा, तेवढी पट्टी आखूड. काम केलं की मजुरी म्हणून ती पुन्हा थोडी लांब. आणि पट्टी संपली की माणूस जागच्या जागी खलास.

"झोपेतही कमी होते?" मावशीने तोंडातला ब्रश काढून विचारलं.

"होते ना."

"मग या लोकांना झोप लागते कशी?"

"तोच तर सगळा सिनेमा आहे, मावशी."

मावशीच्या डोक्यात काही प्रकाश पडला नाही. तिने थोडा विचार केला. "आणि जो नुसतं कमावतो, काहीच विकत घेत नाही, चिकटातला चिकट, तो? तो अमरच की मग."

"तो उपाशी मरेल."

"पट्टी भरलेली असताना?"

बाईने घड्याळाकडे पाहिलं आणि चहा घेऊ या म्हणाली. कपाळाला भोक पडलेला नटही हो म्हणाला.

मावशीला सिनेमे कळत नसत, असं लोक म्हणायचे आणि तीही म्हणायची. ते काही खरं नव्हतं. तिला फक्त शेवट आधी आणि सुरुवात नंतर कळायची. शूटिंगचा धंदाच तसला. जी जागा ज्या दिवशी हाताशी असेल त्या जागेतलं सगळं त्या दिवशी उरकून घ्यायचं. त्यामुळे सकाळी जो मेला तो दुपारी बोहल्यावर उभा, आणि संध्याकाळी त्याची आई त्याला शाळेत सोडतेय. मावशी लहान मुलगी होती तेव्हापासून या गोंधळात होती. आधी नाटकवाल्या एका म्हाताऱ्या रंगाऱ्याच्या हाताखाली डबे धूत होती, मग पावडर लावायला लागली, मग जखमा. पुढे पुढे तर म्हातारपण ही तिची खासियत झाली. चांगल्या धडधाकट माणसाला खुर्चीत बसवायचं, डोळ्यांखाली सावल्या भरायच्या, गाल आत ओढायचे, मान सुरकुतवायची. हजारो लोकांना तिने म्हातारं केलं होतं आणि तेल लावून, पुसून, पुन्हा तरुण करून घरी धाडलं होतं. एकालाही ती चुकून म्हातारा ठेवून विसरली नव्हती, याचा तिला केवढा अभिमान.

तिचा नवरा याच धंद्यातला सुतार. घरं बांधायचा, पण पुढून. मागे नुसत्या टेकणाच्या फळ्या. त्याचे जिने माळ्यावर जायचे नाहीत, त्याच्या दारांपलीकडे खोली नसायची. पण दार मात्र असं बसवायचा की उघडताना हूं का चूं करणार नाही. आवाज टिपणारे लोक त्याच्यावर जीव टाकायचे. आणि या पठ्ठ्याच्या स्वतःच्या घरात? न्हाणीघराचं दार कुत्र्यासारखं विव्हळायचं, कपाट किंचाळायचं, पुढचं दार उघडलं की शेजारीण म्हणायची, आले वाटतं सुतारकाका. तीस-एक वर्षं मावशीने टोमणे मारून पाहिले, रागावून पाहिलं, शेवटी त्या विषयावर पाणी सोडलं.

तर असा हा माणूस गेल्या काही महिन्यांत वाळत चालला होता. कमरेच्या पट्ट्याला खिळ्याने एक नवीन भोक पाडलं, मग आणखी एक. मानेच्या खालच्या अंगाला गाठ लागली. डॉक्टरांनी तिचा तुकडा काढून तपासायला दिला आणि निकालाला या म्हणून सांगितलं. त्या दिवशी मावशीला सुट्टी मिळेना. तो एकटाच गेला, दुपारी परत आला आणि म्हणाला, "काही नाही. ठीक आहे सगळं. फिरायला जात जा म्हणाले."

"एवढंच?"

"एवढंच."

आणि दुसऱ्या दिवसापासून त्याने घरातल्या बिजागऱ्या दुरुस्त करायला घेतल्या.

मावशी धास्तावली ती तिथे. न्हाणीघराचं दार गप्प झालं. कपाट गप्प झालं. पुढचं दार एका संध्याकाळी इतकं मुकाट उघडलं की मावशी स्वतःच्याच घरात चोरासारखी शिरली. तीस वर्षं जो हातोडी घरी आणत नव्हता तो आता गुडघ्यावर बसून तेलाचे थेंब सोडत होता. हा आवराआवर करतोय, असं तिच्या मनाने घेतलं. डॉक्टरांनी याला काहीतरी सांगितलंय आणि हा ताकास तूर लागू देत नाही. पण विचारायचं तरी कसं? नवरा नीट वागायला लागला म्हणून बायकोने भांडायचं? तिने दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा भलतंच काहीतरी बोलून गप्प बसली. तिला राग येत होता, भीती वाटत होती, आणि दार न वाजता उघडलं की बरंही वाटत होतं. या तिन्हींचं काय करायचं हे तिला कळत नव्हतं.

इकडे शूटिंगला पट्ट्यांनी उच्छाद मांडला होता. पावाच्या रांगेचा देखावा म्हणजे माणसांचा नुसता बाजार, आणि प्रत्येकाचा डावा हात मावशीपुढे. पारदर्शक कागदावर खुणा करून घेतल्या होत्या, कुणाची पट्टी किती ते त्यावरून काढायचं. थोड्याच दिवसांत तिच्या लक्षात आलं की चहावाला लांब पट्टीवाल्यांना आधी चहा देतोय. तिने हटकलं तर तो चपापला. "अरे हो की," म्हणाला, आणि लगेच एका मनगटापर्यंत हिरव्या असलेल्या बाईपुढे वाकून कप धरला. ती बाई तर संध्याकाळी पट्टी पुसूच देईना. घरी दाखवते म्हणाली. आणि एक आडदांड गडी, ज्याला बिचाऱ्याला आखूड पट्टी मिळाली होती, तो रोज कानाशी येऊन कुजबुजायचा.

"मावशी, बोटभर वाढवा ना. कुणाला कळतंय?"

"अरे, रंग आहे तो!"

"मग वाढवायला तुमचं काय जातंय?"

मावशीने त्याला पुढे ढकललं. तिने कपाळांना भोकं पाडली होती, पोटात सुऱ्या खुपसल्या होत्या, तेव्हा हात कधी अडखळला नाही. आता एखाद्या पोरसवदा मुलीच्या हातावर आखूड पट्टी ओढताना तो जड व्हायचा. हे काय खूळ, असं ती स्वतःलाच बजावायची आणि रेघ काढून मोकळी व्हायची.

ज्या दिवशी ते घडलं त्या दिवशी सुतारकाका सेटवर आला होता तो डबा घेऊन. मावशी घाईत डबा घरीच विसरली होती. रांगेतला म्हातारा, ज्याची पट्टी खिडकीपाशी पोचता पोचता संपते आणि जो तिथेच कोसळतो, तो नट आला नव्हता. बाई डोकं धरून बसली होती. तेवढ्यात तिला सुतारकाका दिसला. खांदे उतरलेले, गालफडं बसलेली, हातात डबा.

"हेच," बाई म्हणाली. "मला हेच हवेत. मावशी, यांना काही लावू नका, फक्त पट्टी."

 मावशीचं सगळं आयुष्य माणसांना तसं दिसायला लावण्यात गेलं होतं, आणि हा न रंगवताच पास. तिला वाटलं तो नाही म्हणेल. आजवर कॅमेऱ्यापुढे यायचं म्हटलं की फळीमागे दडणारा माणूस. तो म्हणाला, "पडायचंच आहे ना? पडतो की." शिडीवरून त्याने जन्मभर तेच केलं होतं, असंही वर म्हणाला, आणि लोक हसले.

रंगाच्या खोलीत तो खुर्चीत बसला आणि बाही वर केली. इतक्या वर्षांच्या संसारात तो तिच्या या खुर्चीत कधी बसला नव्हता. हात केवढा बारीक झाला होता. कागदावरची खूण सांगत होती, कोपराजवळ नखाएवढी. मावशीने रंग घेतला, कोपराशी ब्रश टेकवला आणि खाली ओढला. पुढचं तिला नीट आठवत नाही. बाहेर कुणीतरी भोंग्यावर ओरडत होतं, तो छताचं लाकूड बघत होता, ती मनात म्हणत होती की आता विचारू, आता विचारू. मग तिने पावडर मारली, बाही खाली ओढली, गुंडी लावली आणि म्हणाली, "जा."

रांग हलली. सुतारकाका एकेक पाऊल टाकत खिडकीशी आला, बाही वर केली, हात यंत्रावर ठेवला, आतल्या माणसाकडे जरा वेळ पाहिलं आणि कोसळला. असा कोसळला की कुणाला टाळ्या वाजवायचंही सुचेना. मावशी भिंतीकडे तोंड करून उभी होती. शेवटी टाळ्या झाल्या तेव्हाच ती वळली. तो कपडे झटकत उठत होता.

"थांबा!"

हा आवाज चष्म्याचा. एका तुकड्यात उघडी असलेली गुंडी पुढच्या तुकड्यात बंद होऊ नये हे बघणं त्याचं काम. एक चष्मा डोळ्यांवर आणि एक कपाळावर, म्हणून ते नाव. तो टिपलेलं चित्र दाखवणाऱ्या लहान पडद्याशी नाक लावून बसला होता. "यांची पट्टी बघा!"

सगळे जमले. पडद्यावर सुतारकाकाचा हात यंत्रावर टेकलेला होता, आणि कोपरापासून मनगटापर्यंत, मनगटाच्याही थोडं खाली, तळहाताच्या उंचवट्यावर, पट्टी हिरवीगार भरलेली होती.

"मावशी?" बाई म्हणाली.

मावशीने पडद्याजवळ जाऊन पाहिलं. तिने हे केलं होतं हे उघड होतं. दुसरं कोण करणार? पण कधी?

"म्हणजे रांगेतला सगळ्यात श्रीमंत माणूस पावासाठी येतो आणि मरतो," चष्मा म्हणाला. "याला काही अर्थ?"

"मग हा मेला कशानं?" यंत्रामागे बसलेल्या नटाने विचारलं.

"तेच तर!"

"यंत्र बिघडलं असेल," कुणीतरी सुचवलं. "एकदम सगळं ओढून घेतलं."

"मग पट्टी गेली असती."

"धक्क्यानं गेला असेल. आनंदाच्या."

"पावाच्या आनंदानं?"

वादाला तोंड फुटलं आणि जो तो हिरिरीने बोलू लागला. ज्याची पट्टी कुणी कधी बोटभर वाढवून दिली नव्हती तो आडदांड गडी तर भलताच चिडला होता. एवढं असताना मरायचं म्हणजे काय, म्हणत होता, हा शुद्ध माज झाला. चहावाला किटली घेऊन मधे उभा होता.

"मरतात की," तो म्हणाला.

सगळे त्याच्याकडे वळले.

"आमचे काका. पैलवान गडी. सकाळी जोर काढले, आंघोळ केली, टॉवेल मागितला. टॉवेल घेऊन काकू आली तोवर गेले होते. त्यांची पट्टी काढली असती तर पायापर्यंत आली असती."

"आपल्या सिनेमातल्या जगात तसं होत नाही हो," बाई कळवळून म्हणाली.

"मग बरं आहे तुमचं जग," चहावाला म्हणाला आणि कप भरू लागला.

बाई खुर्चीवरून उठली. सकाळपासून ती कुणावर तरी ओरडायला टपली होती, आणि आता कारण सापडलं तरी तिच्याने ओरडवेना. "पुन्हा करू या," एवढंच म्हणाली. "मावशी, खूण बघून काढा."

दार लोटून दोघं रंगाच्या खोलीत आली. हे दार त्यानेच केलेलं. ते गपकन मिटलं. मावशीने बोळ्यावर तेल घेतलं आणि त्याचा हात मांडीवर घेऊन पुसायला लागली. हिरवा रंग पसरून सगळा हातच हिरवा झाला.

"एवढी लांब का काढलीस?" त्याने विचारलं.

"तुम्हीच सांगा." आता तिचा बांध फुटला. "तुम्हीच सांगा मला किती काढायची. डॉक्टर काय म्हणाले ते एकदा सांगून टाका. मी काही कच्च्या काळजाची नाही. घरातलं एकेक दार गप्प करत सुटलात. मला काय कळत नाही? मी रोज तुम्हाला मनातल्या मनात पोचवून येतेय आणि वर स्वयंपाक करतेय!"

 तो खरोखर गोंधळलेला दिसत होता.

"दारांचा काय संबंध?"

"काय संबंध म्हणजे?"

"अगं, मी गेलोच नाही डॉक्टरकडे."

मावशीच्या हातातला बोळा तसाच राहिला.

"गेलो होतो. फाटकापर्यंत. फाटक ढकललं तर ते असं किंचाळलं. आजारी माणसं येतात तिथं, आणि फाटक असलं! वॉचमनकडे थोडं तेल मागितलं, म्हटलं दोन मिनिटांचं काम आहे. बिजागरी वाकलेली होती. ती सरळ केली. वेळ गेला त्यात." तो आपल्या हिरव्या हाताकडे बघू लागला. "मग आत जायला पाय निघेना. खोटं कशाला बोलू? भ्यालो. घरी येताना वाटलं, परक्याचं फाटक नीट केलं, आपल्या घरी तीस वर्षं बायको बोंबलतेय."

"म्हणजे तुम्हाला काहीच माहीत नाही?"

"काही नाही."

"आणि ठीक आहे म्हणालात!"

"असेलही ठीक. मला काय माहीत?"

मावशीला हसू आलं, आणि मग असा संताप आला की तिने तेलकट बोळा त्याच्या छातीवर फेकून मारला. इतके दिवस ती एका निकालाला घाबरत होती जो अजून कुणी ऐकलाच नव्हता. आता तिला हलकं वाटायला हवं होतं. पण गाठ होती तिथेच होती, पट्ट्याची भोकंही तितकीच होती. पूर्वी तिला निदान एक वाईट बातमी तरी होती, आता तीही हातातून गेली. ती रडली, आणि रडतानाच तिने कागदावरची खूण शोधली.

"काढ आता," तो म्हणाला. "लोक थांबलेत."

तिने त्याचा हात घट्ट धरला आणि कोपराजवळ नखाएवढी पट्टी काढली. कडा नीट केल्या. पावडर मारली. काम म्हणून बघितलं तर ती त्या सिनेमातली सगळ्यात चांगली पट्टी होती.

"उद्या मी सुट्टी घेतेय," ती म्हणाली. "सिनेमा गेला खड्ड्यात. दोघं जायचं. आणि फाटकाला हात लावायचा नाही."

तो दुसऱ्यांदा कोसळला तेव्हा मावशीने भिंतीकडे तोंड केलं नाही. डोळे उघडे ठेवून पाहिलं. रांगेतली मागची बाई त्याला ओलांडून खिडकीशी गेली, तसंच ठरलेलं होतं, तरी मावशीला तिची चीड आली.

दुसऱ्या दिवशी फाटकाशी तो थांबलाच. त्याने एका बोटाने ते ढकललं. फाटक आवाज न करता उघडलं आणि आवाज न करता मिटलं. त्याने मावशीकडे पाहिलं. तिने दंडाला धरून त्याला आत ओढलं.

डॉक्टर चिडले. निकाल केव्हाचा येऊन पडला होता. "इतके दिवस होतात कुठं?"

"शूटिंगला," तो म्हणाला.

डॉक्टरांना ही थट्टा वाटली. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि सगळं सांगितलं. गाठ चांगली नव्हती. ऑपरेशन करायला हवं, आठवड्याच्या आत, आणि त्यानंतर औषधांचा लांबलचक फेरा. पुष्कळ जण यातून बरे होतात, ते म्हणाले. काही जण होत नाहीत. वेळेत आलात असं मी म्हणणार नाही आणि उशीर झाला असंही म्हणवत नाही. ते हळू बोलत होते आणि मावशी त्यांच्या तोंडाकडे बघत होती. प्रत्येक वाक्य तिला समजत होतं. सगळी मिळून काय म्हणतात ते समजत नव्हतं.

"पण डॉक्टर," ती म्हणाली, "म्हणजे साधारण..."

पुढे शब्दच नव्हता. तिने आपला डावा हात टेबलावर ठेवला होता. उजव्या हाताचं बोट कोपराशी टेकलेलं होतं, आणि ते बोट ती हळूहळू मनगटाकडे सरकवत होती, डॉक्टर कुठे थांबवतात ते बघत.

डॉक्टरांनी चष्मा सारखा केला आणि तिच्या हाताकडे नीट पाहिलं. "तुमच्या हाताला काय झालंय? दुखतोय का?"

मावशी गडबडली. बोट अर्ध्यावर होतं. ते तिथून उचलावं की पुढे न्यावं, तिला कळेना.

शेजारी सुतारकाका खाली बघत होता. त्याच्या कोपराजवळ अजून थोडा हिरवा रंग राहिला होता. त्याने आपला हात पुढे केला, तिचं बोट धरलं आणि मनगटापर्यंत ओढत नेलं.

"हिचा हात चांगला आहे," तो डॉक्टरांना म्हणाला. "ऑपरेशन कधी करायचं तेवढं सांगा."